सुशीलाक्का आणि चॉकलेटी पंप

दम्याच्या दवाखान्यात किस्से आपोआप साठतात. पेशंटला दम लागलेला असतो, म्हणून तो मोजकंच बोलतो, आणि जे बोलतो ते आपल्या जन्मभर लक्षात राहतं! गुलबर्ग्यात माझा दवाखाना आहे. मी डॉक्टर, त्यात रागीट. माझा निम्मा राग एका चॉकलेटी पंपापायी खर्च झालाय. दम्याचे ओढायचे पंप दोन. निळा लगेच आराम देतो, म्हणून सगळ्यांचा लाडका. चॉकलेटीत स्टेरॉइड असतं, तो रोज ओढायचा आणि तो गुपचूप काम करतो, म्हणून कुणालाच नको.

सगळ्यात मोठं भांडण सुशीलाक्कांशी. त्या आणि त्यांचे यजमान अण्णा गाणगापूरला लॉज चालवतात. अक्का निळा पंप दिवसातून आठ-दहा वेळा ओढायच्या. मला भीती वाटायची, की एक दिवस तो पंप चालणारच नाही.

"अक्का, चॉकलेटी घ्या."

"स्टेरॉइड? ते तालमीतली पोरं घेतेत मॅडम. मला दंड फुगवून काय करायचंय?"

अण्णा मागून म्हणाले, "घे की! यात्रेकरूंच्या बॅगा उचलायला गडी मिळंना झालाय!"

अक्कांनी त्यांच्याकडे असं बघितलं, की पंपाचा विषय तिथंच संपला.

*

निर्णा गावचे काशिनाथअप्पा. त्यांना सांगितलं, "चॉकलेटी पंप सकाळ-संध्याकाळ मारायचा." आठ दिवसांनी आले, दम जसाच्या तसा.

"मारलात का अप्पा?"

"मारलो की! वारं पडलं की सदरा काढून छातीवर मारलो."

"छातीवर? अहो, तो तोंडात मारायचा असतो!"

अप्पांचा चेहरा पडला. "अगागा! आन् मी तर तोंडात जाऊ ने म्हणून फडकं बांधलो होतो!"

जन्मभर तुरीवर पंप मारलेला माणूस तो, दुसरं काय करणार? चूक माझीच. तेव्हापासून मी 'ओढायचा' म्हणते.

*

बीदरचे एक निवृत्त हेडमास्तर. त्यांना फुंकायची नळी दिली होती. रोज जोरात फुंकायचं आणि काटा कुठवर गेला ते वहीत लिहायचं. सोमवारी वही घेऊन आले. सुंदर अक्षर, लाल शाईच्या रेघा! मी खूश होऊन पान उलटलं.

"सर, आज सोमवार. शुक्रवारपर्यंतचे आकडे कसे काय?"

"पाठाचं टाचण आगाऊ काढायची सवय हाय मॅडम," सर शांतपणे म्हणाले.

*

एकदा अफजलपूरच्या एका बाईंना मी सगळं नीट समजावत होते. श्वासनळीला आतून सूज येते. ती सूज नळीभोवतीच्या स्नायूला सारखे निरोप धाडते, "आवळ! आवळ!" निळा पंप स्नायूला सैल करतो, पण निरोप चालूच राहतात. सारखा निळाच ओढला तर स्नायू त्याचंही ऐकेनासा होतो. स्टेरॉइड ते निरोपच दाबतं, आणि मग स्नायू निळ्याचंही ऐकायला लागतो.

बाईंनी माझ्याकडे बघितलं, मग आमच्या कंपाउंडरकडे, बसवराजकडे.

बसवराज म्हणाला, "बाई, स्नायू म्हणजे तुमचं मालक. सूज म्हणजे त्यांचं कान भरणारी जाऊबाई. निळा मालकाची समजूत काढतो. चॉकलेटी जाऊबाईचं तोंड बंद करतो."

"असं व्हय! मग चॉकलेटी दोन लिहून द्या!"

मी इतकी वर्षं शिकले त्याचं काय करू, सांगा!

*

आणि मग एका दुपारी अण्णांनी सुशीलाक्कांना जीपमधून अक्षरशः उचलून आणलं. ओठ काळेनिळे, तोंडातून शब्द निघेना. निळ्याचं काही चालेना. मला भीती होती तेच झालं होतं. ऑक्सिजन, वाफ, इंजेक्शन, सगळं केलं. संध्याकाळपर्यंत छातीतली शिट्टी उतरली आणि अक्कांनी पहिलं वाक्य काढलं.

"सुईत स्टेरॉइड न्हवतं ना?"

"तेच होतं! म्हणून तर बोलायलाव!" मी ओरडले आणि आतल्या खोलीत जाऊन रडले.

*

त्यानंतर दोन महिने अक्का फिरकल्या नाहीत. दारात जीप थांबली की माझा जीव वरखाली व्हायचा. आणि परवा त्या आल्या. जिना चढून, अण्णांच्या पुढं, बोलत! मी छातीला स्टेथोस्कोप लावला. शिट्टीचा पत्ता नाही. इतकं हलकं वाटलं मला!

"चॉकलेटी घ्यायलाव?"

"व्हय, रोज दोनदा. वर चूळ पण भरते."

"म्हणजे शेवटी माझं ऐकलात!"

"तुमचं कामून? दत्ताला नवस बोलले, लई लाडकी वस्तू सोडते म्हणून. लोक वांगं सोडतेत, पेरू सोडतेत. मी निळा पंप सोडले. मग घरात राहिला तो चॉकलेटीच."

मी खुर्चीतून उठलेच. "अक्का! अहो, कधी दम लागला तर? निळा जवळ पाहिजेच!"

"हाय की," अक्का म्हणाल्या. "ह्यांच्या खिशात. हे कुठं नवस बोललेत?"