पडक्या बंकरचं कुलूप

मुलांनो, काल फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, तिकडे अबुधाबीत बंकर होते का?" म्हणून हे लिहितेय. २००८च्या मंदीनंतर इथे शहराबाहेर, बंद पडलेल्या बांधकामाशेजारी एक पाहिला. कुवेतच्या युद्धावेळचा, एक भिंत पूर्ण कोसळलेली. सगळे कामगार घरी पाठवलेले, उरला एक वॉचमन, बंकरच्या दाराची किल्लीही त्याच्याकडेच. आजोबा पडक्या बाजूने आत शिरले, तर तो ओरडला, "साब, दरवाजे से!"

आजोबा बाहेर येऊन दारापाशी गेले. त्याने कुलूप उघडलं आणि सलाम ठोकला.

"उधर तो दीवार ही नहीं," मी हसले.

"ताला है ना, मॅडम. ताला गया तो मेरी नौकरी खलास."

परवा तिथून गेलो. आता चारही भिंती पडल्यात. दार उभं आहे आणि कुलपाला ताजं तेल आहे.