साहेबांच्या शेजारची जागा

आमच्या घराण्यात पहिला एम.ए. मी. तोही राज्यशास्त्रात, अमरावतीच्या कॉलेजातून, पहिल्या वर्गात. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे माझीच शोभा आहे.

नांदगाव खंडेश्वरकडच्या आमच्या भागात एक माजी मंत्री होते. शहरात दंगल पेटली की दोन्ही मोहल्ल्यांत पायी जाऊन बसणारा माणूस. म्हातारपणी ते गावोगावचे तंटे बोलून मिटवत आणि सोबत न्यायचे माझ्या चुलतभावाला. दहावी नापास. अहिंसेवर पानंच्या पानं लिहिली मी, आणि गाडीत साहेबांच्या शेजारी हा. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

ऐन सोयाबीनच्या हंगामात गावातल्या एका शेतकऱ्यानं शेतांकडे जायची पांदण बाभळीचे काटे टाकून बंद केली. थ्रेशर अडकलं, लोक हातघाईवर आले. मी म्हणालो, "साहेब, यावेळी मीबी येतो."

"चाल. पण ऐकाले ये."

त्या शेतकऱ्याच्या ओसरीत बसलो. भावाला पाहताच तो सुरू झाला. "तुह्या बापानं माही उभी तूर तुडवून ट्रॅक्टर नेला. वरून मलेच हासला." मग शिव्या. भाऊ म्हणाला, "राहिलं असन तर तेबी बोला, काका." साहेब शांतपणे सुपारी कातरत होते.

मला राहवलं नाही. पिशवीतून मोजणीचा नकाशा काढून पसरला. "पांदण सरकारी आहे. तुमाले अडवताच येत नाई."

शेतकरी उठला. "मंग कोर्टातच भेटू, मास्तर."

परतताना साहेब एवढंच बोलले, "तू बरोबर होता. पण तो बोलून दमत आला होता रे."

दुसऱ्या दिवशी मला न घेता साहेब आणि भाऊ दोघंच गेले, भावाच्या वडिलांना, म्हणजे माझ्या काकांना घेऊन. काकांनी तुरीची चूक कबूल केली. काटे त्या शेतकऱ्यानंच ओढून बाजूला केले.

साहेब आता नाहीत. परवा अकोल्याहून दोघं सख्खे भाऊ आले, वेगवेगळ्या मोटारसायकलींवर. वाटणीचं भांडण. "भाऊ आहे का घरी?" थोरल्यानं माझ्या चुलतभावाबद्दल विचारलं.

"नाई," मी म्हणालो. तो मागं गोठ्यात होता. "मले सांगा. मी एम.ए. आहो."

"हाव, माहीत आहे," धाकटा म्हणाला. "तो कवा येईन?"

आवाज ऐकून भाऊ हात पुसत आलाच. खुर्च्या तीनच. मी काही माझी दिली नाही. तो खाली बसला, तसे ते दोघंही उतरून त्याच्याजवळ बसले.


खुर्चीवर मी एकटा.