काळी वायर आणि धुळ्याच्या अक्का

माझ्या मुलाच्या लग्नात मी माझ्या नणंदेला लाल दिव्यांच्या अक्षरांत शिवी दिली, असं धुळ्यात अजूनही सांगतात. मी शिवी दिली नव्हती. मी फक्त एक वायर कमी केली होती.

हे समजावून सांगायचं तर आधी स्वतःची थोडी बदनामी करावी लागेल. जळगावात माझा केळीच्या वेफर्सचा धंदा आहे. अंगणात एक कढई मांडून सुरुवात केली होती, आता कामाला बायका आहेत, डब्यांवर माझं नाव आहे. हे सगळं मी घासाघीस करून उभं केलं. केळीवाला, तेलवाला, पिशवीवाला, सगळे मला लांबून पाहिलं की भाव आधीच वाढवून ठेवतात, मी कमी करणार म्हणून! (मी मग वाढवायच्या आधीच्या भावाच्याही खाली उतरते.) एकदा विळीवर बोट कापलं, तर डॉक्टरांना म्हणाले, "एक टाका कमी घातला तर नाही का चालणार?" डॉक्टरांनी रागाने एक जास्त घातला.

आता नणंद. आमच्या यांची थोरली बहीण, धुळ्याच्या विमलअक्का. आमच्याकडे लग्नात माइकवर एकेका पाहुण्याचं नाव पुकारतात आणि त्याचा मान करतात. कुणाचं नाव आधी, कुणाचं नंतर, यावर पुढची कित्येक वर्षं कोण कुणाच्या दारात पाय ठेवणार ते ठरतं. अक्कांच्या मुलाच्या लग्नात मी नवी पैठणी नेसून, पदर सावरून, पहिल्या रांगेत बसले होते. नावं पुकारली जात होती. मामा झाले, मावश्या झाल्या, शेजारी झाले. बँडवाला झाला. मग जनरेटरवाला झाला. आणि त्याच्यानंतर माइकवर आवाज आला, "आणि आता, जळगावच्या वेफर्सवाल्या वहिनी!"

जनरेटरवाल्याच्या नंतर! आणि नावसुद्धा नाही!

मी मान घेतला आणि जेवणही केलं (पैठणी नेसून उपाशी कोण येतं?), पण त्या दिवसापासून धुळ्याशी बोलणं बंद. अक्कांनी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा मी फोन यांच्या हातात दिला आणि मोठ्याने भांडी घासली.

आमचे हे कमी बोलतात. पण मुलाचं, सागरचं लग्न ठरलं तेव्हा म्हणाले, "कुसुम, एकच मागतो. अक्काचं नाव पहिलं घ्यायचं. मला एकच बहीण आहे."

मी हो म्हणाले.

"मग नुसतं माइकवर कशाला?" आमची पूर्वा म्हणाली. ही माझी धाकटी, इलेक्ट्रॉनिक्स शिकते. "मी बोर्ड बनवते! माइकवर नाव पुकारलं की लाल दिव्यांत मोठ्ठं नाव झळकेल. मराठीत!"

मला कल्पना एकदम आवडली. धुळ्याच्या लग्नात बोर्ड नव्हता!

पूर्वाने महिनाभर जीव ओतून ते केलं. बिस्किटाएवढं एक कार्ड, त्यात सगळ्या पाहुण्यांची नावं. बटण दाबलं की कार्ड वायरीतून बोर्डाला नाव सांगणार आणि बोर्ड ते झळकवणार. कार्ड ठेवायला विकतचा डबा आणू म्हणाली. मी ओरडले, "घरात पत्र्याचे डबे पडलेत ना वेफर्सचे!" तर कार्ड माझ्या वेफर्सच्या डब्यात बसलं.

"आणि या तीन वायरी कशाला?" मी विचारलं.

"पिवळी वायर बोलायची. कार्ड बोर्डाला नाव सांगतं. हिरवी उलट बोलायची. नाव मिळालं की बोर्ड तसं कार्डाला कळवतो."

"आणि काळी?"

"काळी काही बोलत नाही. नुसती असते. दोघांची पातळी एक ठेवते."

आता तुम्हीच सांगा, पूर्वाच्या तोंडचं शेवटचं वाक्य माझ्या कानात शिरलंच नाही, यात माझा काय दोष? 'काही बोलत नाही, नुसती असते' इथेच माझ्या डोक्यात हिशेब सुरू झाला होता.

घरी टेबलावर सगळं झकास चाललं. कार्ड आणि बोर्ड दोन्ही पूर्वाच्या लॅपटॉपला जोडलेले. 'सौ. विमलअक्का, धुळे' अशी लाल अक्षरं चमकली, आणि आमचे हे ती पुन्हा पुन्हा वाचत राहिले. मग चष्मा पुसायला म्हणून आत गेले.

कार्यालयात मात्र टेबलापासून बोर्डापर्यंत लांब केबल लागणार होती. पूर्वा करवली, तिला शंभर कामं. केबल आणायला मी निघाले. अशी कामं मी दुसऱ्यावर सोपवत नाही. लोक सांगतील तो भाव देऊन येतात!

दुकानदाराने तीन वायरींची केबल काढली.

"तिसरी कशाला?" मी म्हणाले.

"ताई, तुम्हीच तीन सांगितल्या."

"पण ती काही बोलत नाही!"

"कोण?"

"काळी! मग तिचे पैसे मी का द्यायचे? माझ्या कारखान्यात एखादी बाई नुसती बसून राहिली तर मी तिला मजुरी देते का?"

"ताई, कंपनी तिन्ही एकत्र बनवते. मी तिला बाहेर कशी काढू?"

"मग दोनवाली दाखवा."

"दोनवाली आहे. पण तुमचं काम तीनचं असेल तर..."

"माझं काम मला कळतं!"

दोनवाली घेतली. त्यावरही भाव कमी केला. दुकानदार दमून खुर्चीत बसला. मी इतकी खूश होते की रस्त्यात भेटेल त्याला सांगत आले.

लग्नाच्या दिवशी सकाळी पूर्वा नटत होती. जोडणी मी आणि मंडपवाले बापूभाऊ, आम्ही दोघांनी केली. पिवळी पिवळ्या खुणेला, हिरवी हिरव्या खुणेला. काळ्या खुणेचा स्क्रू दोन्हीकडे रिकामा राहिला. तो काही बरा दिसेना. म्हणून मी इकडे डब्यावर आणि तिकडे बोर्डावर, त्या रिकाम्या स्क्रूंवर एकेक झेंडूचं फूल खोवलं!

"वहिनी, शोभा आली," बापूभाऊ म्हणाले.

आली खरी.

धुळ्याची गाडी आली. अक्का उतरल्या. माझ्याकडे बघितलं नाही, पण आल्या. ह्यांचा चेहरा असा उजळला की मलाच जरा ओशाळल्यासारखं झालं. अक्का पहिल्या रांगेत बसल्या. मंडप भरला, व्याही-विहीण बसले आणि ह्यांनी स्वतः माइक हातात घेतला. यांनी! जे घरात मीठ मागायलासुद्धा हाताने खूण करतात!

"आमच्या घरचा पहिला मान... माझी थोरली बहीण... सौभाग्यवती विमलअक्का, धुळे!"

पूर्वाने बटण दाबलं. सगळ्यांच्या माना वर गेल्या.

बोर्डावर आलं: एक चौकोन, दोन प्रश्नचिन्हं, अर्धा ळ, पुन्हा चौकोन आणि शेवटी भलंमोठं उद्गारचिन्ह.

टाळ्या वाजवायला उचललेले हात हवेतच राहिले.

"मन्हं नाव असं शे का?" अक्का उभ्या राहिल्या. गाडीतून उतरल्यापासून जपलेली सगळी शुद्ध भाषा गेली आणि खानदेशी सुरू झाली. "दोन प्रश्नचिन्हं? कसाले?"

"अहो अक्का, मशीन आहे, जरा अडकलंय," मी धावले. "बापूभाऊ, शिडी आणा!"

बापूभाऊंनी अॅल्युमिनियमची लांब शिडी आणली, टेबलावरच्या डब्याला खेटवून बोर्डाच्या लोखंडी चौकटीवर लावली आणि वर चढले. माइक तोवर पुढच्या पाहुण्यावर गेला होता. पुढचे पाहुणे म्हणजे माझा सख्खा भाऊ, पहूरचा. पूर्वाने बटण दाबलं.

'श्री. मधुकर भाऊ, पहूर'. ठसठशीत! एक काना इकडचा तिकडे नाही!

"बघा, झालं दुरुस्त!" मी ओरडले. बापूभाऊ उतरले, शिडी काढली. "अक्का, बसा, बसा! पूर्वा, अक्कांचं परत लाव!"

चौकोन. तीन प्रश्नचिन्हं. (आधी दोन होती!)

"वाढनं आते!" अक्कांच्या जावेने मोजून सांगितलं.

"शिडी लावा!" मी किंचाळले. शिडी लागली. गडबडीत पूर्वाचं बोट यादीतल्या पुढच्या नावावर पडलं. पुढचं नाव, यजमान म्हणून, माझं होतं. सगळ्या मंडपाने वाचलं, 'सौ. कुसुमताई, जळगाव', आणि माझ्याच सांगण्यावरून त्या नावाभोवती फुलांची वेल घातलेली होती, तीसुद्धा फिरायला लागली.

माझ्या भावाचं नाव चोख, माझं वेलीसकट, आणि नणंदेचं प्रश्नचिन्ह! मी त्या मंडपात पाहुणी असते तर मीसुद्धा म्हणाले असते, ही बाई मुद्दाम करतेय.

"जनरेटरवालानं नाव आधी घिदं, त्यानं उट्टं काढस तू," अक्का माझ्यासमोर येऊन हळू आवाजात म्हणाल्या. हळू आवाज म्हणजे फार वाईट. "माले समजी गयं. चला रे, गाडी काढा!"

"अक्का, शपथ घेते..."

"जेवण बी नको अन् शपथ बी नको!"

धुळ्याचं अख्खं वऱ्हाड फाटकाकडे निघालं. ह्यांनी माइक टेबलावर ठेवला. डोक्यावरचा फेटा काढला, खुर्चीवर ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात ते माझ्यावर एकदाही ओरडले नाहीत. तेव्हाही नाही ओरडले. ओरडले असते तर मी उलट ओरडले असते, सवयीने निभावलं असतं. त्या नजरेला उलट काय बोलणार?

मग मी माझ्या स्वभावाप्रमाणे दुसऱ्यावर घसरले. "त्या दुकानदाराने खराब केबल गळ्यात मारली! येऊ दे समोर!"

पूर्वा मात्र शांतपणे टेबलाशी वाकली होती. "कार्ड आणि बोर्ड, दोघांच्या बोलण्याचा वेग तर एकच ठेवलाय," ती पुटपुटली. मग तिने शिडीकडे पाहिलं. "बापूभाऊ, शिडी काढा बरं."

चौकोन, प्रश्नचिन्हं.

"लावा."

नाव!

"काढा." चौकोन. "लावा." नाव.

"शिडी अंगात आल्यासारखी करतेय," बापूभाऊ म्हणाले.

"शिडी डब्याला टेकते आणि वर चौकटीला," पूर्वा म्हणाली. "डबा आणि चौकट दोन्ही मी आतून काळ्या खुणेला जोडलेत. म्हणजे शिडी काळ्या वायरीचं काम करतेय! पण मग काळी वायर..." आणि तिने झेंडूचं फूल उपटलं.

खाली रिकामा स्क्रू.

"आई," ती म्हणाली, "तिसरी वायर कुठे आहे?"

आणि हे वाक्य कार्यालयाच्या चारी कोपऱ्यांतल्या कर्ण्यांतून दणाणलं. कारण ह्यांनी टेबलावर ठेवलेला माइक चालूच होता!

फाटकाशी अक्का थांबल्या. व्याही थांबले. भटारखान्यातून आचारी बाहेर आला.

आता माझी अवस्था बघा. गप्प राहिले तर नणंदेचा मुद्दाम अपमान करणारी भावजय ठरणार. खरं सांगितलं तर नव्या विहिणीच्या देखत, मुलाच्या लग्नात, वायरीवर घासाघीस करणारी! दोन्हींत स्वस्त काय, याचा मी आयुष्यात पहिल्यांदा अंदाज लावू शकले नाही. मग मला खुर्चीवरचा फेटा दिसला.

"मी कमी केली," मी म्हणाले.

"काय कमी केली?" पूर्वा, पुन्हा कर्ण्यांतून.

"वायर! दुकानात तीनवाली होती. मला वाटलं, काळी काही बोलत नाही, तिचे पैसे कशाला... म्हणून दोनवाली आणली!" तेही कर्ण्यांतून. "आणि स्क्रू रिकामा दिसू नये म्हणून फूल लावलं!"

मंडपात इतकी शांतता झाली की कढईतली पुरी ऐकू आली. विहिणीने पदर तोंडाला लावला. मी खाली बघत राहिले. पैठणीचे मोर कधी नव्हे इतके नीट पाहिले.

अक्का परत आल्या. अगदी जवळ.

"तू चिक्कट शे, हाई माले माहीत व्हतं," त्या म्हणाल्या. "पण वायरमा बी?"

मी मान हलवली. आणि अक्का हसायला लागल्या! खुर्ची धरून, पोट धरून, शेवटी मलाच धरून. मग जाऊ हसली, मग सगळं धुळे हसलं, मग व्याहीसुद्धा. फक्त मी हसत नव्हते. ह्यांनी फेटा उचलून पुन्हा डोक्यावर ठेवला. थोडा तिरका बसला, पण बसला.

"आता बाजारातून वायर आणायची का?" बापूभाऊंनी विचारलं.

"गरज नाही," पूर्वा म्हणाली. "बोर्डाने नुसतं ऐकलं तरी पुरे. हिरवी, उलट बोलणारी, ती काढते आणि काळ्याच्या जागी लावते."

म्हणजे तीनपैकी एक वायर कमी करता येत होती! माझी घासाघीस बरोबर होती! मी एवढंच चुकले की गप्प बसणारी काढली आणि उलट बोलणारी ठेवली. हे मी बोलून दाखवणार होते, तेवढ्यात अक्का माइकजवळ सरकल्या.

"पोरी, असा स्क्रू आमना भावजईले बी शे का बघ!"

शिडी दूर नेली. पूर्वाने बटण दाबलं. 'सौ. विमलअक्का, धुळे'. लखलखीत. हे पुन्हा चष्मा पुसायला लागले, म्हणून मान मीच केला. साडी मात्र भारी घेतली होती मी अक्कांसाठी. तिच्यावर घासाघीस केलीच नव्हती, असं मी इथे लिहिणार होते, पण वाचणाऱ्यांत तो साडीवालाही असेल.

पुढे अक्कांना नातू झाला. बारशाला आम्ही धुळ्याला गेलो. हॉल गच्च भरलेला, सगळी भावकी जमलेली. मी पुन्हा पैठणी नेसून, पहिल्या रांगेत. माइक खरखरला आणि सगळ्यांत आधी, मामांच्या आधी, मावश्यांच्या आधी, माझा मान पुकारला गेला:

"जळगावच्या, दोन वायरवाल्या वहिनी!"

हॉलभर टाळ्या. तक्रार करायला जागाच ठेवली नाही. मी डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढून उठले आणि खाली बघत मान घेतला.

जनरेटरवाला माझ्यानंतर होता.