सिस्टरचं माप

सिस्टर देशांची तुलना पायांनी करत. दरडोई उत्पन्न, आयुर्मान, साक्षरता असलं काही मी काढलं की त्या हातानेच थांबवत. "ते राहू दे. तिथली म्हातारी एकटी किती दूर जाते, ते सांग."

हिंदी मुलखातल्या आमच्या दीक्षितपुऱ्यात त्यांचं घर आमच्या समोर. कारखान्याच्या दवाखान्यात त्यांनी नर्स म्हणून नोकरी केली, त्यामुळे साऱ्या गल्लीच्या त्या सिस्टर. माझ्या लहानपणीची सगळी इंजेक्शनं त्यांच्या हातची. मी पुढे सांख्यिकीच्या सरकारी कार्यालयात लागलो तेव्हा म्हणाल्या, "चलो, सुईला रडायचा, आता लोकांना आकडे टोचेल."

त्यांचे यजमान वारले होते. एकुलती एक मुलगी नवऱ्याच्या नोकरीमुळे हनोईला. सत्तरी ओलांडल्यावर सिस्टर तिच्याकडे नऊ महिने राहून आल्या, आणि तेव्हापासून व्हिएतनाम आमच्या गल्लीत रोज येऊ लागला. त्या खोटं बोलत नसत, हे मी नमूद करतो. "घर माचिसच्या डबीएवढं. हवा आपल्यापेक्षा खराब. फूटपाथवर तिथेही गाड्याच गाड्या. जेवणाचं तर विचारूच नको. पण सकाळी तळ्यावर म्हाताऱ्या एकट्या येतात रे, ऐंशीच्या-ऐंशीच्या. हातपाय हलवतात, हसतात, भाजी घेऊन घरी जातात. कोणी विचारत नाही, काहून निघाली म्हणून."

गल्लीने त्यांची टर उडवली. "लो, वियतनाम की राजदूत आ गईं!" "वहीं रह जातीं, सिस्टर जी!" त्यावर त्या शांतपणे म्हणत, "क्यों रह जाती भैया? घर तो यहाँ है मेरा." मुलगी दर आठवड्याला फोनवर बोलावत होती. तिला त्यांचं एकच उत्तर असे : "आपल्या पायांनी बाजारात जाऊन येते, तोवर मी इथेच."

मी त्यांना समजावत असे की एका माणसाच्या अनुभवावरून देश मोजत नाहीत. "मग कशावरून मोजतात?" त्या विचारत. "तू मोजून राहिला त्यात मी कुठे आहे, दाखव."

मग गल्लीच्या तोंडाशी नालीवरची फरशी तुटली. एका बाजूला उघडी नाली, दुसऱ्या बाजूला उभ्या मोटरसायकली, आणि मधून वाहनांची ये-जा. सिस्टरनी महापालिकेत तीन अर्ज दिले. तिसऱ्यावर एक साहेब पाहायला आले. कोणीतरी माझ्याकडे बोट दाखवून म्हणालं, हे आकड्यांचे माणूस आहेत, यांना विचारा. साहेबांनी विचारलं, "यहाँ अब तक कितने लोग गिरे हैं?"

मला दोनच माहीत होते. दोघांनाही फक्त खरचटलं होतं. मी तेच सांगितलं. साहेबांनी ते लिहून घेतलं, कागदाची घडी केली आणि ते निघून गेले.

सिस्टर रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "खरं बोलला तू. पण पडायला आधी बाहेर निघावं लागते. ज्या निघतच नाहीत, त्या कशात धरल्या?"

पुढचे चार दिवस त्या घरोघर फिरल्या आणि यादी घेऊन माझ्याकडे आल्या. गल्लीतल्या, पासष्टच्या पुढच्या, घराबाहेर एकट्या न जाणाऱ्या बायका. अकरा नावं. सातवं माझ्या आईचं.

"आई जाते की," मी म्हणालो. "मंदिरात, डॉक्टरकडे. मी नेतो ना तिला."

"एकटी म्हटलं मी."

तरी मी शंका काढल्या. किती दिवसांत नाही? तब्येतीमुळे की रस्त्यामुळे? कारणांचा वेगळा रकाना हवा, नाहीतर साहेब मानणार नाहीत. नीट तक्ता करून देतो, असं मी म्हणालो. दोन महिने तो झाला नाही. एके दिवशी त्यांनी यादी परत मागितली. "तुझं काही चुकत नाही रे," त्या म्हणाल्या. "लहानपणापासून तुझं काही चुकतच नाही."

त्यानंतर एका सकाळी मी त्यांना कोपऱ्यावर पाहिलं. हातात पिशवी, समोर नाली. एक मोटरसायकल गेली, मग रिक्षा, मग आणखी एक मोटरसायकल. त्यांनी दोनदा पाऊल उचललं आणि मागे घेतलं. मग घराकडे वळल्या. त्या पडल्या नाहीत, म्हणजे माझ्या हिशेबाने त्या दिवशी तिथे काही घडलंच नाही.

त्याच संध्याकाळी त्यांनी मुलीला फोन केला.

मुलगी न्यायला आली. टॅक्सी गल्लीत शिरत नव्हती, म्हणून सामान घेऊन आम्ही कोपऱ्यापर्यंत चालत गेलो. नालीपाशी सिस्टरनी माझा दंड धरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. पलीकडे गेल्यावर म्हणाल्या, "त्या यादीत बारावी मी लिही." मग टॅक्सीत बसल्या. मागे पाहिलं नाही.

आता त्या रोज सकाळी एकट्या तळ्यावर जातात, असं मुलगी कळवते. पण दिवसभर मुलगी-जावई कामावर, मराठी बोलायला कोणी नाही, हिंदीही नाही. गप्प झाली आहे आई, असंही तिने लिहिलं. या दोन गोष्टींची वजाबाकी मला येत नाही.

परवा मी आईला विचारलं, तू शेवटची एकटी बाहेर कधी गेली होतीस?

ती शेंगा सोलत होती. हात न थांबवता म्हणाली, "तूच नको म्हणाला होता ना, तेव्हापासून नाही." मग वर पाहून, "काहून रे? आज कसं विचारून राहिला?"