भेडाघाटला बाहेरून लागलेली कडी

वर्धा सोडायचं कारण विचाराल तर खास काही नाही. गाडी तयार होती आणि मी घरात बसून होते, एवढंच. गाडी म्हणजे शाळेची जुनी व्हॅन. आत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी बसवून घेतली, पण बाहेरचा पिवळा रंग तसाच ठेवला. त्यामुळे सकाळी कुठल्याही गावातून गेलं की एखादी आई हात दाखवतेच. बेत असा होता: नागपूर, सिवनी, जबलपूर आणि मग कुंडमच्या जंगलातून अमरकंटक. एकटीनं.

नागपूर-जबलपूर रस्ता मस्त आहे. पेंचच्या जंगलात तो खांबांवरून जातो आणि जनावरं खालून. वाघ दिसेल म्हणून गाडी हळू करू नका. वाघ दिसत नाही, मागचा ट्रकवाला मात्र शिव्या देतो. लखनादोनला जबलपूरचं वळण येतं, तिथं बोर्ड बघा. मी पुढेच निघून गेले होते, पण त्यामुळे चांगले पेरू मिळाले, ते जाऊ द्या.

खरी गोष्ट सिवनीच्या पुढच्या ढाब्यावर सुरू झाली. शेव-टमाटर खाऊन परत आले तर गाडीचं सरकतं दार सताड उघडं. शेजारचा ट्रक ड्रायव्हर म्हणाला, “मैडम, ये तो धक्के से खुल जाता है,” आणि दार लावून, खांदा मारून, उघडून दाखवलं. चोरी काही झाली नव्हती. पण याच दारामागे मी झोपणार होते.

जबलपूरला रांझीत माझी आत्या राहते. फुफाजी, म्हणजे तिचे यजमान, तिथल्याच फॅक्टरीतून फिटर म्हणून रिटायर झालेले. जय भीम झालं, पाणी झालं आणि मी मूर्खासारखी ढाब्याची गोष्ट सांगून बसले. आत्यानं तिथल्या तिथं बाबांना फोन लावला. बाबा म्हणाले, “मी उद्याच्या गाडीनं येतो आणि व्हॅन घेऊन परत जातो.”

“काहून घाबरून राहिले, दादा?” फुफाजींनी फोन घेतला. “मी करून देतो नं दार. इथं जवळच भेडाघाटला एक रात्र मुक्काम करून पाहू द्या. जमलं तर पुढं जाईल, नाही तर वापस.”

तर माझा सगळा प्रवास त्या दारावर येऊन अडकला.

सामान जबलपूरच्याच गढा भागातल्या बाजारातून आणलं. जाता जाता खव्याची जलेबी खाल्ली. काळपट दिसते म्हणून सोडू नका. फुफाजींनी दाराला बाहेरून जाडजूड कडी-कोयंडा मारला, कुलूप हाताएवढं. आतून बोल्ट. ड्रायव्हरच्या सीटमागे पत्रा ठोकला, म्हणजे पुढची काच फोडून कोणी मागं येऊ नये. खिडक्यांना शाळेच्या काळापासून गज होतेच आणि मागच्या दाराला पलंग आडवा.

“आता हत्ती आणा,” फुफाजी म्हणाले.

भेडाघाटला छान झोप लागली. सकाळी पाणी भरून आले, दार ओढलं, चहा ठेवला. बाहेर खट्ट वाजलं. मी लक्ष दिलं नाही. चहा झाला, दार सरकवलं, ते हलेना. पुन्हा ओढलं. मग कळलं, बाहेरची कडी लागली आहे.

पुढं पत्रा, मागं पलंग, बाजूला गज. आधी शेगडी बंद केली. ओरडले, पण धुवाँधार धबधब्याच्या आवाजात कोणाला ऐकू जाणार? फोनवर आत्याचं नाव काढलं आणि थांबले. फोन केला की बाबा गाडीत बसलेच समजा. मग पळी घेतली आणि खिडकीच्या गजांवर बडवत सुटले.

नारळ-फुलं विकणारी एक म्हातारी आली. “हाय राम! भीतर हो का बिटिया?”

“खोलो ना अम्मा! किसने लगाई?”

“हमई ने लगाई. कुंडी लटकी दिखी, सोची बंदर घुस जैहें. इहाँ तो जो निकरे सो लगा देत है.” माकडं शिरू नयेत म्हणून इथं येणारा-जाणारा कोणीही लटकती कडी लावून टाकतो म्हणे. तिनं कडी काढली. वर मलाच बोलली, “ऐसी कुंडी काहे लगवाई, जो दूसरे के हाथ में रहे?”

रांझीला परत येताना ठरवत होते, सांगावं की नाही. सांगितलं तर प्रवास संपला. नाही सांगितलं तर कुंडमच्या जंगलात त्याच कडीच्या आत झोपायचं. सांगून टाकलं.

आत्या फुफाजींकडे वळली. “काहो, पोरीला कोंडायची कडी लावली तुम्ही?”

फुफाजींनी कडी एकदा लावून, काढून पाहिली. “गोदामाला अशीच लावतो आम्ही,” ते म्हणाले. “गोदामात कोणी झोपत नाही नं.”

सगळं पुन्हा केलं. बाहेरची कडी काढली, तिथं नुसतं किल्लीचं कुलूप. आतून दोन हुकांत बसणारी लोखंडी पट्टी, हातानं उचलता येईल अशी. सीटमागचा पत्रा कापून त्याला बिजागरी लावली, कडी माझ्या बाजूनं. तुम्ही गाडी बनवत असाल तर एवढं करा: आत बसा, दुसऱ्याला बाहेरून बंद करायला सांगा आणि मग निघून दाखवा. आम्ही ते केलं. आत मी नाही, आत्या बसली.

फुफाजी बाहेरून ओढून थकले, दार हललं नाही. मग ते दाराला पाठ लावून उभे राहिले. “आता निघ बाहेर!” आत्या पत्र्याच्या दारातून ड्रायव्हरच्या सीटवर येताना कमरेत अडकली, हॉर्न वाजला, अर्धी गल्ली जमा झाली. पण निघाली. तशीच धापा टाकत तिनं बाबांना फोन केला. “दादा, मी निघाले म्हणजे पोरगी निघतेच. जाऊ दे तिला.”

गेले. कुंडमच्या पुढं साग आणि साल, रस्ता अरुंद, पेट्रोल जबलपूरलाच भरून घ्या. अमरकंटकला नर्मदा इतकी छोटी की हसू येतं. बाबांचा फोन रोज सकाळी यायचा, आवाज ऐकला की लगेच बंद.

आता वर्ध्यात आहे. दारावर त्या काढलेल्या कडीची चार भोकं राहिली होती. पावसाचं पाणी येईल म्हणून फुफाजी सगळी बुजवणार होते, मी तीन बुजवू दिली. चौथं डोळ्याच्या उंचीवर आहे. त्यात रबराचं बूच बसवलंय. कोणी थाप मारली की आधी बूच काढून बघते, मग पट्टी उचलते. काल बाबा होते. मी बघतच होते, तर ते बाहेरून म्हणाले, “उघड, मीच आहे. पण असंच बघत जा.”