रोझाबायची सही

सख्ख्या भावाने पुढे केलेला कागद तुम्ही त्याच्यादेखत वाचाल का? खरं सांगा.

रोझा फर्नांडिसने नाही वाचला. आणि ती काही अंगठेबहाद्दर नव्हे. धामापूरच्या वाटेवरच्या गावात तीस वर्षं तिने अंगणवाडी चालवली. सरकारी कागद आला की बाया तिच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, येऊन बसत. मुखत्यारपत्र म्हणजे आपल्या वतीने दुसऱ्याला सही करायचा अधिकार, तहकूब म्हणजे पुढची तारीख, असं ती उकलून सांगे. वर दटावे, "वाचल्याशिवाय सही केलंस तर माझ्याकडे रडाक येव नको!"

तिने लग्न केलं नाही. आई गेली तेव्हा रोझारियो सहा वर्षांचा. त्याला तिनेच वाढवलं. बाप दोन वर्षांपूर्वी वारला. घर, विहीर, चौदा माड बापाच्या नावावर, आणि कायद्याने दोघं भावंडं सारखी वारस.

मे महिन्यात रोझारियो गोव्याहून आला. क्रुसापुढची लादीन, म्हणजे सगळ्या वाडीची प्रार्थना, म्हणून झाली, उकडलेले चणे वाटले गेले, आणि सगळ्या वाडीसमोर तो म्हणाला, "उद्या बाय आणि मी वारस नोंद करूक जातंव. दोघांची नावां लागतली."

"भाव असो असूक व्हयो!" शेजारची सुशीला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तो तिला दुय्यम निबंधकाच्या, म्हणजे दस्त नोंदवायच्या, कचेरीत घेऊन गेला. वारस नोंद तलाठ्याकडे होते, हे रोझाला पक्कं ठाऊक.

"अरे, हयसर कित्याक?"

"नियम बदललो, बाय."

तिने पिशवीतून चष्मा काढला. रोझारियोचा चेहरा पडला. "माझ्यावर भरवसो नाय? माका भरवलंस त्या हातान आता माझे कागद तपासतंस?"

चष्मा परत पिशवीत गेला. भावाच्या तोंडावर कागद वाचणं म्हणजे त्याला चोर ठरवणं, हे आमच्याकडे मुलींच्या हाडात मुरवलेलं असतं.

"मजकूर समजला ना, बाई?" साहेबांनी विचारलं.

"हो साहेब," रोझा शुद्ध मराठीत म्हणाली. अंगठा, फोटो, सही. रोझारियोने तिला सोलकढी पाजली.

वीस दिवसांनी तलाठ्याची फेरफाराची नोटीस आली. फेरफार म्हणजे जमिनीच्या दप्तरात नावाचा बदल. ही मात्र तिने वाचली: हक्कसोडपत्रान्वये रोझा फर्नांडिस यांचा हक्क संपुष्टात. हक्कसोड म्हणजे आपला वाटा आपल्याच सहीने सोडून देणं. हा शब्द तिने किती बायांना समजावला होता!

त्याच आठवड्यात दोन अनोळखी माणसं टेप लावून तिचं खळं मोजून गेली होती. तिने फोन लावला. "तू माका फसवलंस रे!"

"नावात काय आसा, बाय? रवतलंस थंयच मां?"

"मगे खळा मोजूक माणसां कोणी धाडली?"

फोन बंद.

पंधरा दिवसांच्या आत तिने हरकत घेतली. मंडळ अधिकाऱ्याने मान वर न करता सांगितलं, "दस्त नोंदणीकृत आहे. रद्द करायचा तर दिवाणी न्यायालयात जा." गेली. फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांची मुदत असते, तिने तीन आठवडेसुद्धा लावले नाहीत. आता मनाई हुकूम मागितलाय, म्हणजे निकाल लागेपर्यंत रोझारियोला घर विकता येऊ नये. तो मिळाला नाही, तर साठीला टेकलेल्या या बाईने जायचं कुठे?

वकील म्हणतात, दस्तावर साक्षीदार दोघंही रोझारियोचे. तो वारस नोंद म्हणाला होता, हे ऐकलेलं माणूस आणा. रोझा सुशीलाकडे गेली.

"भावंडांच्या भांडणात आमी कित्याक पडूचा गो?"

पन्नास माणसांनी चणे खाल्ले. कान मात्र एकालाही नव्हते म्हणे! भावाने एकदा फसवलं, वाडी रोज फसवतेय. रोझा आता कोणाच्या खळ्यात जात नाही, कोणी तिच्या खळ्यात येत नाही.

सुनावणी बारा तारखेला मालवणच्या कोर्टात आहे. लादीनच्या त्या संध्याकाळी तुम्ही तिथे होता, तर त्याआधी वकिलांकडे या आणि ऐकलंत तेवढंच प्रतिज्ञापत्रावर, म्हणजे शपथेवर, लिहून द्या.