बांगडा लांब गेला तेव्हा

जतच्या स्टँडवर कोल्हापूरची एसटी लागली, तेव्हा आप्पा, म्हणजे माझे वडील, पाण्याच्या टँकरच्या गर्दीतून थेट मला पोचवायला आले होते. धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं. "समुद्राला एवढं पाणी हाय, आन पिता येत न्हाई? मग करणार काय गं तू?" त्यांनी विचारलं. "मासं मोजणार," मी म्हटलं. ते हसले आणि एसटी हलताच तोंड फिरवून उभे राहिले. आईनं बांधून दिलेल्या भाकरी मांडीवर घेऊन मी मिरजेपर्यंत रडत होते.

गावात राहिलेल्या आणि माझ्यासारख्याच बाहेर पडलेल्या तुम्हा जतकरांना वाटतं, मी समुद्रावर चैन करते. मिरजेजवळच्या विश्रामबागेतल्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकले, पण मासा पाहिला तो बरणीतला. आता मालवणजवळच्या एका गावात मासळीच्या सर्व्हेचं काम करते. होडीतून पाण्याचं तापमान घ्यायचं, किनाऱ्यावर उतरलेल्या मासळीची नोंद करायची, डेटा लॅपटॉपवर चढवायचा. उन्हात काळी ठिक्कर पडले आहे, हीच काय ती चैन.

तिथल्या एका मच्छीमार जोडप्याच्या घरात भाड्याची खोली मिळाली; त्यांना मी काका-काकू म्हणते. काका रापणीचे म्होरके. रापण म्हणजे किनाऱ्याजवळ टाकलेलं लांबलचक जाळं, दोन्ही बाजूंनी माणसांनी वाळूत उभं राहून ओढायचं. पहिल्याच सकाळी मी नुसती बघत उभी होते, राहवलं नाही म्हणून दोर धरला. जाळं वर आल्यावर काकांनी माझ्यापुढे बांगडे टाकले. "हात लावलंस मां? मगे तुझो वाटो घे." बांगडा साफ कसा करतात हेही मला ठाऊक नव्हतं. काकूंनी विळी पुढ्यात ठेवली आणि न हसता शिकवलं, त्याबद्दल मी त्यांची जन्माची ऋणी आहे.

पण अलीकडे रापण हलकी येऊ लागली. बांगडा थव्यानं फिरणारा मासा. पावसाळा सरला की तो किनाऱ्याला लागायचा, त्यावर गावाचं वर्ष निघायचं. आता वरचं पाणी तापतं, म्हणून तो खोल, गार पाण्यात राहतो. आला तरी केव्हा येईल याचा भरवसा नाही. मोठ्या बोटी बाहेरच्या बाहेर मासळी उचलतात, तेही आहेच. रापणीचं जाळं तेवढ्या लांब पोचत नाही.

यंदा काकांनी सगळ्यांना अंगणात बोलावलं. नवं जाळं करायचं की नाही, ते ठरवायचं होतं. काकूंचा एकुलता मुलगा गोव्यात हॉटेलात काम करतो. नवं जाळं झालं की तो परत येणार होता. काकूंनी त्याची खोली झाडून, नवी चादर घालून ठेवली होती. काका माझ्याकडे वळले. "खरा काय ता सांग. बांगडो पूर्वीसारखो येतलो?"

काकू दारात उभ्या होत्या. मला आप्पा आठवले. दर वर्षी ते मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला जायचे, शेतकरी रानात मेंढरं बसवायला जागा द्यायचे. मग ऊस वाढला, मोकळी रानं उरली नाहीत. तरी सगळे मायेनं म्हणायचे, पुढच्या वर्षी बघू. त्या मायेपायी आप्पा आणखी काही वर्षं हिंडले आणि हाडं निघालेली मेंढरं घेऊन परतले. शेवटी कळप विकला, त्या दिवशी ते जेवले नाहीत.

"पूर्वीसारखा येईल असं मला वाटत नाही," मी म्हटलं.  जुनं जाळंच सांधून वापरायचं ठरलं. मुलगा गोव्यातच राहिला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी घरी जायचं टाळत बंदरावर बसून राहिले. खोली सोडायला सांगतील, निदान बोलणं तरी टाकतील, असं धरून चालले होते. शेवटी काकूच शोधत आल्या. "जेवाक येवचा नाय काय? आमटी थंड झाली." वाटेत मुलाबद्दल एकदाच म्हणाल्या, "झिलगो हय येवन रिकामो बसलो असतो, ता माका बघवला नसता." त्यांचे डोळे रडून सुजलेले होते. तरी ताटात त्यांनी मलाच मोठी तुकडी वाढली.

जेवून खोलीत आले, तेव्हा आप्पांचा फोन आला. घडलेलं सगळं त्यांना सांगितलं. बराच वेळ ते नुसतं "व्हय, व्हय" करत होते.

"आन तरी जेवाय बोलावलं?"

"स्वतः न्यायला आल्या."

 "मग आता आमाला तुझा घोर न्हाई," आप्पा म्हणाले.